टॅब स्वस्त झाला. पण त्यात मराठी उघडलं का?

गेल्या पंचवीस वर्षांत या देशात 'गरिबाच्या हातातला संगणक' निदान चार वेळा जाहीर झाला. दर वेळी बातमीचा मथळा किमतीचा होता. नऊ हजारांत संगणक, पाचशे रुपयांत लॅपटॉप, अडीच हजारांच्या आत टॅब. किंमत लोकांच्या लक्षात राहिली. वस्तू कुठे गेल्या, हे मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही.

हा इतिहास आत्ताच लिहायला कारण आहे. टॅबवाटप थांबलेलं नाही. 'महाज्योती'सारखी राज्य सरकारची संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत टॅब देते. आश्रमशाळा, ग्रामपंचायती, आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर, सगळीकडे 'डिजिटल' हा शब्द असतोच. गावोगावची वाचनालयंही आता तेच बोलू लागलीत. पैसा शेवटी आपला आहे. तो कोणत्या वस्तूवर जावा हे ठरवताना एका मंडळींना मात्र कुणी विचारत नाही. ती मंडळी म्हणजे हौशी लोक. स्वतःच्या खिशातून स्वस्तातला टॅब किंवा ई-बुक रीडर घेऊन त्यावर रात्र-रात्र खटपट करणारे.

आमच्या शिळफाट्याला असे बरेच आहेत. शिळफाटा म्हणजे खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. कल्याण-शीळ रस्त्यावरचा नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. इथला नोकरदार खोपोली लोकल पकडतो, नाहीतर कर्जतला गाडी बदलतो. एका बाजूचा प्रवास दोन-अडीच तासांचा. बसायला जागा मिळाली तर रोजचे चार तास वाचनाला मिळतात, एवढे प्राध्यापकालाही मिळत नसतील. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या टप्प्यात मोबाईलची रेंज येते-जाते. पावसाळ्यात वीज तशीच येते-जाते. गंमत म्हणजे खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते. तेव्हा एकदा चार्ज करून आठवडाभर चालणारी, नेटशिवाय वाचता येणारी वस्तू कुणाला हवी असेल, तर ती आमच्याकडच्या माणसाला.

या लोकांना काय हवं असतं? मी बरीच वर्षं ऐकतोय. किंमत त्यांच्या यादीत असते, पण पहिली नसते. पहिलं, उन्हात आणि खिडकीशी बसून वाचता आलं पाहिजे. दुसरं, माझ्याकडची फाईल, कुठूनही आणलेली, त्यात उघडली पाहिजे. तिसरं, मराठी नीट दिसली पाहिजे, जोडाक्षरं मोडता कामा नयेत. चौथं, बॅटरी गेली, चार्जिंगची पिन सैल झाली, तर फाट्यावरच्या मोबाईलवाल्याला ती बदलता आली पाहिजे. आणि कंपनीने हात वर केले तरी आपल्याला हवं ते सॉफ्टवेअर टाकून वस्तू चालू ठेवता आली पाहिजे.

आता या यादीची पट्टी घेऊन मागचा इतिहास मोजू.

सुरुवात सिम्प्युटरपासून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर ही कंपनी यांनी मिळून १९९८ नंतर ही कल्पना उभी केली. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा संगणक, किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची असा बेत. त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट होती स्मार्टकार्डाची खाच. गावात यंत्र एकच, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. आपलं कार्ड घाला, काम करा, कार्ड काढून पुढच्याला यंत्र द्या. म्हणजे वाचनालयाचाच हिशेब. स्क्रीनवरचा मजकूर भारतीय भाषांत बोलून दाखवायची सोयही त्यांनी विचारात घेतली होती. यंत्राचा आराखडासुद्धा खुल्या परवान्याखाली ठेवला होता.

२००४ मध्ये 'अमिडा' नावाने तो बाजारात आला, सुमारे दहा हजारांना. लक्ष्य होतं ५० हजारांचं. २००५ पर्यंत साधारण चार हजार विकले गेले. तोवर मोबाईल स्वस्त होत चालले होते. लोकांना बोलायला फोन हवा होता, सिम्प्युटरवरून बोलता येत नव्हतं. प्रयोग बसला. पण आमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी त्यात होत्या, हे नोंदवून ठेवायला हवं. पुढच्या दहा वर्षांत झालेल्या सरकारी घोषणांमध्ये त्या हळूहळू गळत गेल्या.

फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला '१० डॉलरचा लॅपटॉप' दाखवला गेला. जगभर बातम्या झाल्या. प्रत्यक्षात तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवण्याचं उपकरण होतं. त्यानंतर जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅबचा नमुना दाखवला, आणि ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' आला. बनवणारी कंपनी डेटाविंड, प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडे. सरकारला एक नग साधारण २,२७६ रुपयांना पडत होता. बाजारातल्या आवृत्तीसाठी दोन आठवड्यांत १४ लाख नोंदण्या झाल्याचं कंपनीने सांगितलं. टॅब वेळेवर हातात पडला नाही अशा तक्रारीही मग छापून आल्या.

वस्तू कशी होती? सात इंची स्क्रीन, ती रेझिस्टिव्ह. म्हणजे बोट नुसतं टेकवून भागत नाही, दाबावं लागतं, जुन्या एटीएमसारखं. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी. हे सगळं तेव्हा छापून आलं, त्यावर टीका झाली, विनोद झाले. पण एक गोष्ट त्या मानाने कमी बोलली गेली. आकाश अँड्रॉइड २.२ वर चालायचा. अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत देवनागरीला मुळात आधारच नव्हता. मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी चौकोन, नाहीतर जोडाक्षरं सुटी आणि वेलांट्या भलतीकडे. अँड्रॉइडमध्ये देवनागरी आली ती ४.० पासून. म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांसाठी वाजतगाजत आणलेला टॅब पेटीतून काढल्यावर मराठी किंवा हिंदी धड दाखवू शकत नव्हता. किंमत ठरवताना ही अट कुणी घातली असती, तर दोनशे रुपये वाढले असते की नाही माहीत नाही, पण अट घालायला पैसे लागत नाहीत.

नंतर प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते 'आकाश २' आला. स्क्रीन चांगली झाली, रॅम दुप्पट झाली, अँड्रॉइड ४.० आलं. आणि पवईत त्या टॅबचं जे झालं ते हौशी लोकांना आवडेल असंच होतं. तिथल्या गटाने त्यावर सी, सी++, पायथन आणि सायलॅबमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची सोय केली, लिनक्स चालवून दाखवलं. साडेबावीसशे रुपयांच्या टॅबवर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रोग्रॅम लिहू शकतो हे त्यातून दिसलं. टॅबची खरी किंमत ही होती, पण ती वर्तमानपत्रात आली नाही. आम्हाला समारंभाची बातमी सोपी पडते. दिवा, फीत, हस्ते वाटप, फोटो. टॅबवर दोन वर्षांनी काय चाललंय याची बातमी द्यायला कुणी बोलवत नाही.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या २० हजारांहून जास्त मुलांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी करायचं, हा हेतू चांगलाच होता. अभ्यासक्रम आत भरूनच टॅब आले. २०१८ मध्ये राज्याची आठवीची पुस्तकंच बदलली. आता विचार करा. कागदी पुस्तक बदललं तर नवं छापून येतं. टॅबमधलं बदलायचं तर आतला सगळा माल नव्याने भरणारा कुणीतरी लागतो, त्याचं कंत्राट लागतं, त्याची तरतूद लागते. हौशी माणसाचा प्रश्न इथे किती साधा आहे बघा : मला स्वतःला त्यात फाईल टाकता येते का? बालभारतीची पुस्तकं तर संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. शाळेतल्या एका शिक्षकाला मेमरी कार्डावरून ती टॅबमध्ये घालता आली, तर टॅब पाच वर्षं जगतो. नाही आली, तर पुस्तक बदललं की टॅब गेला.

टॅबचं हे असं. ई-बुक रीडरची गोष्ट वेगळी आहे, पण शेवटी त्याच वळणावर येते.

रीडरची स्क्रीन ई-इंकची असते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून ई इंक ही कंपनी निघाली. त्यांच्या पडद्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि तिथेच राहतात. वीज लागते ती पान उलटताना. पान नुसतं समोर ठेवून बसलात तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे चालते. आतून उजेड मारत नाही म्हणून उन्हात कागदासारखं दिसतं. आमच्या यादीतली पहिली अट इथे पूर्ण होते. पण या पडद्याचा धंदा मुख्यतः एकाच कंपनीच्या हातात राहिला, शिवाय टॅब-मोबाईलच्या पडद्यांएवढा खपही नाही. त्यामुळे चार-पाच हजारांत टॅब मिळू लागला तरी रीडरची किंमत तितकी उतरली नाही.

२००४ मध्ये सोनीने जपानमध्ये 'लिब्री' नावाचा ई-इंकचा पहिला रीडर आणला. यंत्र सुंदर होतं. पण विकत घेतलेलं पुस्तक ६० दिवसांनी आपोआप बंद पडायचं! वाचनालयाची मुदत असते तशी, फक्त इथे पैसे पूर्ण भरलेले. लोकांनी पाठ फिरवली. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचा किंडल आला, ३९९ डॉलरला. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये 'पाय' नावाचा रीडर आणला, ९,९९९ रुपयांना, भारतीय भाषा दिसतील असं सांगून. तो फार टिकला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल भारतात अधिकृतपणे विकायला आला, ६,९९९ रुपयांना. त्यावर मराठी पुस्तकांचं दालन सुरू व्हायला २०१६ ची अखेर उजाडली. चार वर्षं आमचा मराठी वाचक इंग्रजी यंत्र घेऊन खोपोली लोकलमध्ये बसला होता. तो काय वाचत होता? तर स्वतः खटपट करून टाकलेल्या फायली.

या खटपटीचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, म्हणून थोडा लिहितो. सोनीने २००६ मध्ये अमेरिकेत नवा रीडर आणला. तिथे शिकत असलेल्या कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याला तो आपल्या लिनक्स संगणकाला जोडता येईना. त्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुढे 'कॅलिबर' तयार झालं. एका प्रकारची ई-बुक फाईल दुसऱ्या प्रकारात बदलायची, पुस्तकांची यादी ठेवायची, रीडरमध्ये भरायची, हे सगळं फुकट करणारं सॉफ्टवेअर. आज जगभरातले हौशी वाचक ते वापरतात. 'केओरीडर' नावाचं असंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते रीडरमध्ये घातलं की पीडीएफच्या कडेची पांढरी जागा कापता येते, अक्षर मोठं करता येतं, आपला मराठी फाँट टाकता येतो. जुन्या पुस्तकाचं स्कॅन सहा इंची पडद्यावर वाचायचं असेल तर याची किंमत कळते.

कंपन्यांचा कल मात्र उलटा आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्काच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण घरच्या कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन नेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळलं. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही बंद झाली. आता वायफाय लागतंच. ज्यांच्या गावात नेट बेभरवशाचं, त्यांनी काय करायचं?

आणि मराठीचं स्वतःचं एक जुनं दुखणं आहे, ज्याला कुठली परदेशी कंपनी जबाबदार नाही. आमच्या व्यवसायात मी ते रोज पाहतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण आमचे छापखाने, वर्तमानपत्रं, प्रकाशक वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर जुळवत राहिले. छापायला ते उत्तमच. पण त्या फाईलमधला मजकूर दुसऱ्या संगणकात टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा रगाडा दिसतो. म्हणजे गेल्या तीस वर्षांत संगणकावर जुळवलेली हजारो मराठी पुस्तकं संगणकाला वाचता येत नाहीत. ई-बुक करायचं तर पुन्हा रूपांतर, पुन्हा मुद्रितशोधन. युनिकोडमध्येही सगळं एकदम झालं नाही. 'ॲप'मधला 'ॲ' त्यात यायला २००८ साल लागलं. जुन्या यंत्रांवर तिथे अजून चौकोन दिसतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला 'ऱ्य' तर कितीतरी यंत्रांनी बिघडवला. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाने 'दऱ्या' हा शब्द धड वाचू नये, ही काय पद्धत झाली?

तरी काम झालंय, आणि बरंचसं हौशी लोकांनीच केलंय. 'ई साहित्य प्रतिष्ठान'ने मराठी पुस्तकं फुकट ई-बुक म्हणून वाटली. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून, टाईप करून तपासली जातात. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा पाहिलेलं हिरवं. पानाचं चित्र देऊन मजकूर काढून देणारी ओसीआरची साधनं आता मराठीतही बऱ्यापैकी चालतात, पण 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतोच. तो सुधारायला शेवटी मराठी येणारा माणूस लागतो. त्याला कुणी मानधन देत नाही.

कायदाही इथे वाचकाच्या बाजूचा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांची झाली. डॉ. आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन २०१७ पासून. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात, गागोद्यात जन्मलेले विनोबा १९८२ मध्ये गेले; त्यांच्यासाठी २०४३ ची वाट पाहावी लागेल. जे मोकळं झालंय तेच नीट युनिकोडमध्ये, स्वच्छ तपासून, ईपब स्वरूपात प्रत्येक वाचनालयात असायला हवं. एका मेमरी कार्डावर अशी हजारो पुस्तकं मावतात. त्याला नेट लागत नाही, टॉवर लागत नाही.

तर मुद्दा असा. सिम्प्युटरपासून आजच्या टॅबवाटपापर्यंत सरकार आणि कंपन्या विचारत आल्या, 'केवढ्याला पडेल?' हौशी माणूस विचारतो, 'यात माझं काय उघडेल, आणि किती दिवस?' हा दुसरा प्रश्न निविदेत यायला हवा. त्यात चार ओळी घातल्या तरी पुष्कळ : मराठी युनिकोड मजकूर जोडाक्षरांसह नीट दिसावा, ईपब आणि पीडीएफ फाईल मेमरी कार्डावरून टाकता यावी, बॅटरी तालुक्याच्या ठिकाणी बदलून मिळावी, आणि ठेक्याची मुदत संपल्यावर यंत्राचं कुलूप काढून द्यावं, म्हणजे पुढे शाळा किंवा वाचनालय ते स्वतः चालवेल.

आणि टॅबच घ्यायला हवा असंही नाही. सरकारमान्य वाचनालयांना १९६७ च्या कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. ते किती तुटपुंजं असतं हे ग्रंथपालाला विचारा. तरी एखाद्या 'ब' वर्गाच्या वाचनालयाने देणगीतून दोन रीडर घेतले, त्यात मोकळी झालेली मराठी पुस्तकं भरली आणि पुस्तकासारखीच अनामत घेऊन आठ-आठ दिवसांना घरी दिली, तर काय बिघडेल? सिम्प्युटरवाल्यांनी गावात एक यंत्र आणि कार्डं अनेक असं म्हटलं होतं, ते हेच. म्हाताऱ्या माणसाला अक्षर हवं तेवढं मोठं करून मिळेल. वाडीवरच्या मुलीला रेंज नसताना वाचता येईल. फाट्यावर यंत्रं उघडून बसणारी आयटीआयची पोरं आहेतच, ती ही यंत्रं चालू ठेवतील. त्यांना फक्त एकदा बोलवा.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कर्जत-खालापुरातल्या बऱ्याच वाचनालयांच्या वार्षिक सभा असतील. सभासद असाल तर जा, आणि हा विषय मांडा. टॅबवाटपाचा कार्यक्रम तुमच्या गावात झाला तर भाषणं होऊ द्या, फोटो होऊ द्या. मग वाटप झालेल्यातला एक टॅब हातात घ्या, त्यात एक मराठी पुस्तक उघडायचा प्रयत्न करा आणि काय दिसलं ते मला कळवा. ती बातमी मी छापतो.